म्हातारीचा तिसरा पिस्टन

२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

फोन करणार होते, पण तुझ्या गोदीत फोन लावला की पलीकडून हातोडेच बोलतात. शिवाय हे सगळं मला लेखी हवं आहे. पुढे उपयोगी पडेल.

आबांची जीप, आपली म्हातारी, बंद पडली. पडली नाही, पाडली. आमच्या मास्तरने.

धाकट्या बहिणीचा नवरा शाळेत पोरांना चित्रं काढायला शिकवतो, तेवढंच त्याने करावं. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याला नदीपलीकडून लाकडी चौकटी आणायच्या होत्या. मी एका अडलेल्या गाईला सोडवायला गेले होते, गोठेवाल्याच्याच गाडीतून. या शहाण्याने खिळ्यावरची किल्ली उचलली आणि निघाला. ना विचारणं ना सांगणं. संध्याकाळी ट्रॅक्टरला दोराने बांधलेली म्हातारी घरी आली आणि तिच्या मागून मास्तर, चिखलाने भरलेले बूट हातात घेऊन.

म्हणतो, पाणी पोटरीएवढंच होतं. मधोमध गाडी दोनदा खोकली आणि थांबली. मग याने स्टार्टर मारला. पुन्हा मारला. बॅटरी मरेपर्यंत मारत बसला. पोटरीएवढ्या पाण्याने म्हातारी थांबेल? आबांनी तिला कुठल्या कुठल्या पाण्यातून नेलंय, तुला सांगायला नको. धडधडीत खोटं बोलतोय आणि वर माझ्या डोळ्यांत बघून बोलतोय!

मी गुरांची डॉक्टर, इंजिनाची नाही. पाण्यातून गेलेल्या इंजिनाचं आत काय मोडलंय ते कसं ओळखायचं, एवढं मला सविस्तर लिही. दुरुस्तीची घाई नाही. मला पुरावा हवा आहे. महिनाअखेरीला तुझ्या आईचा, माझ्या आत्याचा, पंचाहत्तरावा वाढदिवस आहे. सगळं घर जमेल. तेव्हा टेबलावर, केकच्या शेजारी, मला मास्तरचा प्रताप मांडायचा आहे.

शेडवरच्या दोन खोल्या मी धाकटीच्या नावावर करणार होते. आता नाही करत. महिनाअखेरपर्यंत बिऱ्हाड हलवा म्हणून दोघांना सांगितलंय. धाकटी रडली. रडू दे.

तुझी,
चिंगी


८ नोव्हेंबर

चिंगे,

पत्र वाचून आधी पोट धरून हसलो, मग म्हातारीसाठी वाईट वाटलं. मास्तरला मी लग्नातच ओळखलं होतं. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला बायको लागते, त्याच्या हातात किल्ली म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

आता नीट वाच. स्टार्टरला हात लावायचा नाही. तेलाची काडी काढून बघ. तेल काळं असेल तर ठीक, दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. हवेच्या फिल्टरचं झाकण उघड. आत ओल किंवा गाळ असेल तर पाणी इंजिनाच्या नाकातून गेलं. मग डिझेल फवारणारे चारी नोझल काढ आणि पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरव. सावकाश. आत पाणी असलं तर नोझलच्या भोकातून पिचकारी उडेल, तोंड बाजूला ठेव.

पाण्याचं असं आहे, चिंगे, हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. पिस्टन जोरात वर येतो, डोक्यावर पाणी उभं, त्याला जायला वाट नाही. मग वाकतो तो पिस्टनला खालून धरणारा दांडा, कनेक्टिंग रॉड. तो वाकला की पिस्टन खुजा राहतो. म्हणून एक लांब सुई भोकातून सोड आणि चारी पिस्टन किती वर येतात ते मोज. एक जरी कमी आला की मास्तर सापडला!

नोझल परत बसवताना नट घट्ट झाला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढ. ही शिस्त मला इथे गोदीत आल्यावर लागली. बोटीच्या इंजिनाला शेकडो नट, कुठला राहिला ते कळायला नको? रेघ मारली की तो नट संपला, त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

आबांची पान्यांची पेटी तेलात पुसून ठेव. एकदा येऊन घेऊन जाईन म्हणतो.

दादा


१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सापडला!

तेल अगदी तू म्हणालास तसं, कपात ओतलं असतं तर कुणी प्यालंही असतं. फिल्टर ओला, तळाशी थोडा गाळ आणि एक कुजकं पान. नोझल काढून हँडल मारलं तेव्हा पहिल्यातून घोटभर पाणी बाहेर पडलं, वासराने दूध ओकावं तसं. बाकीचे तिन्ही कोरडे. मग धाकटीची विणायची सुई घेतली, तिला न विचारता, किल्लीची परतफेड म्हणून. पहिला, दुसरा, चौथा पिस्टन एका उंचीला आले. तिसरा खुजा. काडेपेटीच्या दोन काड्या एकावर एक ठेवल्या तर होतील, एवढा खुजा. मी तीन वेळा मोजलं आणि तिन्ही वेळा मला आनंद झाला. असा आनंद होणं बरं नव्हे, पण झाला.

एक गंमत. नोझलच्या नटांवरचा तेलकट थर पुसला तर खाली जुन्या पिवळ्या रेघा निघाल्या. आबांनीच मारल्या असणार. तुझी गोदीची शिस्त आबांना आधीपासून ठाऊक होती म्हणायची!

मला एवढा राग का आला असं धाकटी विचारते. तुला तरी सांगायला नको. तू आबांच्या आजारपणात सुट्टी काढून आला होतास. आबा अंथरुणातून उठले, पहिल्यांदा म्हातारीत बसले, इंजिन सुरू करून डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ही लंगडतेय. चिंगे, काय केलंस तू हिला?" मी काही केलं नव्हतं. पण त्या दिवसांत गाडी चालवायचो आपण दोघंच, आणि तू तर इंजिनांचा माणूस. तू माझी बाजू घेतलीस, "नवशिकी आहे, आबा, रागावू नका" म्हणालास, ते मी विसरले नाही. पण आबा पुन्हा माझ्या शेजारी गाडीत बसले नाहीत. ज्या पेटीतले पाने मी लहानपणापासून रॉकेलने धूत आले, ती पेटी त्यांनी तुला दिली, झाकणावर तुझं नाव कोरून. "हिच्या हाताला यंत्र कळत नाही," म्हणाले. आणि तसेच गेले.

ते आता परत येऊन काही बोलणार नाहीत. राहिली होती फक्त म्हातारी. तीसुद्धा या रंगाऱ्याने घालवली. मी त्याला सोडणार नाही, दादा.

चिंगी


१६ नोव्हेंबर

चिंगे,

शाब्बास. तिसऱ्याचा दांडा वाकलाय, यात शंका नाही. मास्तर पाण्यात स्टार्टर मारत बसला तिथेच तो गेला. एवढा पुरावा पुष्कळ झाला. आईच्या वाढदिवसाला सुई दाखव, काडेपेटी दाखव, मास्तरची बोलती बंद होईल. हवं तर माझं नाव सांग, म्हणावं दादाने निदान केलंय.

आता यापुढे इंजिन उघडायच्या भानगडीत पडू नकोस. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलंस तर त्याच्याखालचं गॅस्केट फाटेल, तसलं आता मिळत नाही. वाकलेला दांडा बघून तरी काय मिळणार? गेलेल्या माणसाचं पोट फाडून बघण्यातला प्रकार. माझ्या ओळखीचा एक भंगारवाला आहे, भला माणूस. त्याचा ट्रक तुमच्या बाजूला यायचा आहे. म्हातारीला जशी आहे तशी घेऊन जाईल, तुझ्या डोळ्यांसमोरून दुःख जाईल.

त्या पिवळ्या रेघा आबांच्याच. त्यांनीच तर मला ती शिस्त लावली.

धाकटीला घालवतेस ते मात्र योग्य करतेस. एकदा नरम पडलीस की ही माणसं डोक्यावर बसतात.

दादा


२० नोव्हेंबर

प्रिय दादा,

धाकटी गेली. महिनाअखेरपर्यंतही थांबली नाही. नदीपलीकडे शाळेजवळ एका खोलीत राहायला गेले दोघं. मी ओट्यापाशी भांडी घासत उभी राहिले, मागे वळले नाही. जाताना मास्तर दारात थांबून म्हणाला, "ताई, किल्ली न विचारता घेतली ती माझी चूक. पण पाणी खरंच पोटरीएवढंच होतं." अजून तेच! मी नळ मोठा सोडला.

तिची सुई माझ्याकडेच राहिली, तेलाने काळी झालेली.

ट्रक पाठवू नकोस. सुई आणि काडेपेटी दाखवून माझं समाधान होणार नाही, तिथे कुणाला काय कळणार? मला तो दांडाच हवा आहे. वाकडा, लोखंडी, टेबलावर ठेवला की आवाज होईल असा. गॅस्केट फाटलं तर फाटलं. पोट फाडून बघायची मला सवय आहे, तो माझा धंदाच आहे. रविवारी हेड काढते.

चिंगी


२३ नोव्हेंबर

चिंगे,

हे पत्र हातोहात पाठवतोय. हट्ट सोड. तुला झेपणारं काम नाही ते, बोट चेपून घेशील. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, तो शनिवारी येईल. तू कामावर असलीस तर शेडची किल्ली शेजारी ठेव.

आणि माझी पत्रं फाडून टाक. मास्तरच्या हाती पडली तर उगाच माझ्यावर डूख धरेल.

दादा


२६ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र आणि तुझा ट्रक शनिवारी एकाच सकाळी आले. पत्र ठेवून घेतलं, ट्रक रिकामा परत पाठवला.

रविवारी हेड निघालं. बोट चेपलं नाही. चारी सिलिंडर शेजारी शेजारी उघडे पडले. मी पुसायचं फडकं घेतलं आणि हात तसाच राहिला.

तुला माहीत असेलच, पिस्टन जिथवर वर येतो त्याच्या वर सिलिंडरच्या भिंतीला काजळीची काळी कड धरते. तीन सिलिंडरांना ती बारीक, सारखी. तिसऱ्याला दुप्पट रुंद. मला वाटलं ओला गाळ असेल. नखाने खरवडला. निघेना. सुरीने खरवडला तेव्हा कपची निघाली, थरावर थर, दगडासारखा. खुजा पिस्टन जिथवर पोचत नव्हता तिथे काजळी साचत गेली होती. एका दुपारी साचत नाही ती. वर्षं लागतात.

मी रोज मोडलेले पाय बघते. ताजं मोडलेलं हाड आणि मोडून, कसंबसं जुळून, त्यावर चाललेलं हाड यातला फरक मला अंधारात बोटाने कळतो. जुन्या मोडीवर गाठ असते. ही गाठ होती. तिसऱ्याचा दांडा वाकलेला आहे, पण मास्तरने वाकवलेला नाही. मास्तरच्या पाण्याचा घोट पहिल्यात निघाला होता. तिसरा कोरडा होता. मी तुला तसं लिहिलं होतं आणि तुझ्यासारख्या माणसाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आधी वाटलं, आबांकडूनच कधी झालं असेल. मग आठवलं, आबांनी तर ते लंगडणं पहिल्याच दिवशी ऐकलं होतं, आजारातून उठल्यावर. आजारी पडायच्या आधी म्हातारी धड होती. म्हणजे मधल्या दिवसांत. मग पिवळ्या रेघा आठवल्या आणि तुझी पत्रं काढून बसले. एका पत्रात ही शिस्त तुला गोदीत लागली. दुसऱ्या पत्रात ती आबांनी लावली. आणि मला तेव्हा सुचलं कसं नाही, आबांनी जन्मात इंजिनाला रंग लावला नाही, रंगाखाली गळती लपते म्हणायचे.

आबांचं औषध आणायला तू नदीपलीकडे गेला होतास. परत आलास तो म्हातारी धुवून पुसून, चकचकीत करून. सीटसुद्धा धुतल्या होत्यास. मी आत्याला म्हणाले होते, बघ, दादाला किती कळतं.

तू नोझल काढून पाणी उपसलंस. परत बसवलेस. सवयीने रेघा मारल्यास. आणि गप्प बसलास. ते एक वेळ मी समजू शकले असते, भीती सगळ्यांना वाटते. पण आबा मला विचारत असताना तू तिथे उभा होतास. "नवशिकी आहे, आबा, रागावू नका." तू मला वाचवलं नाहीस, तू माझ्या गळ्यात बांधलंस, आणि मी तुझे उपकार मानत राहिले! माझ्या बापाची शेवटची नजर तू माझ्यावरून काढून घेतलीस. ती मला कुठल्या भंगारात मिळणार आहे, सांग?

आणि या महिन्यात तू मला धाकटीच्या अंगावर सोडलंस. नाही, तेवढं पाप तुझ्या एकट्याचं नाही, त्यातलं माझं मी बघेन.

मास्तरसाठी मी जो राग साठवला होता तो वाया गेला असं समजू नकोस. सगळा शिल्लक आहे. एकाही थेंबाला धक्का लागलेला नाही.

वाढदिवसाला ये. सगळ्यांसमोर उभा राहा आणि हे स्वतःच्या तोंडाने सांग, आत्याला आणि मास्तरला. आला नाहीस तर दांडा आणि तुझी पत्रं बोलतील.

चिंगी


२८ नोव्हेंबर

चिंगे,

इतकी वर्षं झाली त्याला. पाणी बॉनेटवर चढलं होतं. मी एकटा, आजूबाजूला चिटपाखरू नाही. उपसली, वाळवली, चालू झाली. चालतेय म्हटल्यावर सांगायचं कशाला असं वाटलं. आबा मला मुलासारखं मानायचे. त्यांच्या नजरेतून उतरायची माझी तयारी नव्हती. तू तर त्यांची मुलगीच, तुझ्यावरचा राग जाईल असं वाटलं. मी सांगणारच होतो गं. ते आधीच गेले.

सुट्टी मिळत नाही. आणि मला इथे तपासनीस करायचं चाललंय, अशा वेळी ही जुनी भानगड नको. आईला तर सांगूच नकोस, तिचं हृदय आधीच नाजूक. तिला काही झालं तर तुला चालेल?

पेटी मला नको. तू ठेव. मग तर झालं?

दादा


२० डिसेंबर

दादा,

तुझ्या आईच्या हृदयाला काही झालं नाही. तिने केकचे दोन तुकडे खाल्ले.

दांडा मी केकच्या शेजारीच ठेवला, ठरवला होता तसा. आवाज झाला. आत्याने विचारलं हे काय, तेव्हा मी तिच्यासमोर पत्रं ठेवली. तिने चष्मा लावून सगळी वाचली, माझीसुद्धा, तुला पाठवायच्या आधी मी कच्ची लिहून ठेवते ना, तीही. तुझं शेवटचं पत्र तिने दोनदा वाचलं. "तिचं हृदय आधीच नाजूक" तिथे थांबली, कागद घडी करून पदराला बांधला आणि म्हणाली, "अक्षर त्याचंच आहे." मग सुरी मास्तरांच्या हातात दिली आणि केक त्यांना कापायला लावला. सुरीवर तिने आपलाही हात ठेवला.

तू दुसऱ्या दिवशी तिला फोन केलास, तो मास्तरांनी उचलला. तिनेच तसं सांगितलं होतं. तिने फोनच त्यांच्या ताब्यात दिलाय, आता तो तेच उचलतात. तुला आईशी बोलायचं असेल तर आधी त्यांच्याशी बोलावं लागेल. ते सभ्य आहेत, निरोप ठेवून घेतात. ती परत फोन करत नाही. मला याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटत नाही.

तुझ्या गोदीला मी काही कळवलेलं नाही. कळवणार नाही असंही म्हणत नाही. तपासनीस झालास की रोज टपाल बघत जा.

धाकटीला आणायला मी नदीपलीकडे गेले होते, चालत, पोटरीएवढ्या पाण्यातून. तिथे पाणी खरंच तेवढंच आहे. उडालेल्या घोटभर पाण्यानेही थांबावं, इतकी म्हातारी आतून आधीच खचली होती. सुई सोडा लावून घासली होती, ती तिच्या हातात दिली. तिने ती बोटाने चाचपली आणि सामान बांधायला घेतलं. दोघं परत आली आहेत, खोल्यांचे कागदही झाले. ती अजून माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी मास्तरांना सांगते, "ताईंना विचारा." मी विचारायची वाट बघते आणि मीठ देते. हा हिशेब तुझ्याकडे नाही, माझ्याकडे आहे, म्हणून लिहिलं.

म्हातारीला दुसऱ्या एका जुन्या इंजिनाचा दांडा बसला. तेल बदललं, गॅस्केटही मिळालं, मिळत नाही असं तूच म्हणाला होतास. सुरू केली तेव्हा मी डोळे मिटून ऐकलं. लंगडत नाही. आबा असते तर, असं मनात आलं आणि मी शेडमध्येच खाली बसून रडले. मोठ्याने. धाकटी वरच्या जिन्यात येऊन उभी राहिली होती. खाली नाही आली, पण आतही नाही गेली.

पेटी ठेव म्हणालास. तुझ्या परवानगीसाठी ती थांबली नव्हती. आत्याने ती वाढदिवसालाच सगळ्यांसमोर माझ्यापुढे सरकवली होती. झाकणावर आबांनी कोरलेलं तुझं नाव मी कानशीने घासलं. पत्रा जाड आहे, दुपार गेली. शेवटचं अक्षर गेलं तेव्हा मास्तरांकडे पिवळा रंग मागितला. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही, ब्रशही दिला. तुझं नाव होतं तिथे एक रेघ ओढली आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाळली.

तिचा अर्थ तूच मला लिहून पाठवला होतास.

चिंगी